लहान भाषांमधले शब्द गोळा कसे करायचे आणि त्यावरून माणसं कशी ओळखायची (आणि कुठे थांबायचं)

अधूनमधून एक रील फिरते बघा. एस्किमोंकडे बर्फाला पन्नास शब्द, अमुक जमातीच्या भाषेत 'काळ' हा शब्दच नाही त्यामुळे ते लोक फक्त वर्तमानात जगतात, तमुक भाषेत 'माझं' नाही म्हणून त्यांना मालकी माहीतच नाही. खाली पाच हजार लोक हात जोडलेला इमोजी टाकून जातात. ऐकायला भारी वाटतं पण यातलं बरंचसं कच्चं असतं, आणि कच्चं का असतं ते कळायला लांब जायची गरज नाही, आपला 'परवा' घ्या. परवा म्हणजे कालच्या आधीचा दिवस आणि परवाच म्हणजे उद्याच्या नंतरचाही दिवस. आता एखादा परदेशी पाहुणा आला, त्याने वहीत हा शब्द टिपला आणि घरी जाऊन लिहिलं की मराठी लोकांना भूत आणि भविष्य यातला फरक कळत नाही, त्यांच्यासाठी काळ हे एक चक्र आहे वगैरे. आपण हसू. अरे बाबा 'परवा आला' आणि 'परवा येणार', क्रियापद ऐक की!

होपी लोकांचं असंच झालं. अमेरिकेतल्या ऍरिझोनातली ही भाषा, तिच्यात काळाला शब्दच नाहीत असं गेल्या शतकात एका अभ्यासकाने लिहिलं आणि ते सगळीकडे पसरलं, मग 1983 मध्ये दुसऱ्याने होपीतल्या नुसत्या काळाच्या शब्दांवर सहाशेहून जास्त पानांचं पुस्तक काढलं. बर्फाचंही तसंच. इन्युइट, म्हणजे ज्यांना एस्किमो म्हणतात त्यांच्या, भाषांमध्ये एका मुळाला प्रत्यय जोडत जोडत अख्खं वाक्य एका शब्दात बसतं, तिथे 'शब्द किती' हा प्रश्नच फसवा आहे, बर्फाचे काय नि चपलेचे काय, हवे तेवढे करा.

म्हणून हे लिहितोय. धारणी, चिखलदरा, भामरागड, किनवट या बाजूला शिक्षक म्हणून लागलेले, किंवा ज्यांची आजी अजून कोरकू नाहीतर कोलामी बोलते पण नातवंडं बोलत नाहीत, असे बरेच जण असतील ज्यांना वाटतं की हे शब्द जायच्या आत टिपून ठेवावेत आणि त्यातून ही माणसं जगाकडे कसं बघतात ते समजून घ्यावं. चांगलीच गोष्ट आहे. फक्त एकटा सुटा विचित्र शब्द उचलून त्याच्यावर तत्त्वज्ञान उभं करायचं नाही. शब्दांचे घोळके बघायचे, भाषा बोलणाऱ्याला काय सांगायला भाग पाडते ते बघायचं, लोक काय बोलायचं टाळतात ते बघायचं, आणि मग भाषेच्या बाहेर जाऊन ते खरं आहे का ते तपासायचं. बाकी सगळं या चार गोष्टींचंच सविस्तर आहे.

आधी थोडी कल्पना असू द्या की आपण किती लहान भाषांबद्दल बोलतोय. युनेस्कोच्या नकाशात भारतातल्या 197 भाषा धोक्यात म्हणून नोंदलेल्या आहेत. आपल्याकडच्या जनगणनेत 1971 पासून दहा हजारांपेक्षा कमी लोक बोलतात ती भाषा वेगळी दाखवतच नाहीत, 'इतर'मध्ये ढकलतात. त्यामुळे बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदच्या आसपास बोलली जाणारी निहाली, जिचं जगातल्या कुठल्याही भाषेशी नातं सिद्ध झालेलं नाही आणि जी जेमतेम दोन-अडीच हजार लोक बोलतात, ती सरकारी आकड्यात सापडतच नाही. युरोपातल्या बास्क भाषेचं कौतुक आपण वाचतो पण तसलीच एकटी भाषा आपल्या विदर्भात आहे हे किती जणांना माहीत असतं? कोरकूचं त्या मानाने बरं, 2011 ला सव्वासात लाखांच्या वर आकडा होता. पण गावागावात काय चित्र आहे ते शाळेच्या मधल्या सुट्टीत मुलं कुठल्या भाषेत भांडतात यावरून कळतं, आकड्यावरून नाही.

जायच्या आधी

कधी जाताय ते बघा. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायची असतात, पहाटे अंधारात घर रिकामं होतं, मे महिन्यात तेंदूपत्ता. पेरणीच्या दिवसात कुणाला वेळ नाही. मेळघाटात होळी हा सगळ्यात मोठा सण, कामाला बाहेर गेलेली माणसं परत येतात, तेव्हा गप्पांना लोक भरपूर मिळतील पण शांत बसून कुणी शब्द सांगणार नाही. पावसाळ्यात दुपारी काम थांबलं की बरं पडतं.

कुणाचा अर्धा दिवस घेणार असाल तर रोजी बुडते हे लक्षात ठेवा आणि तेवढे पैसे द्या. 'आपली संस्कृती जपायची आहे' म्हणून फुकट बसवून ठेवायचं हे बरोबर नाही. फोन काढायच्या आधी विचारा, आणि तो होकार रेकॉर्डिंगमध्येच येऊ द्या. कशासाठी घेतोय, कुणाला ऐकवणार, नेटवर टाकणार की नाही, तिन्ही सांगा. झाडपाल्याची औषधं, पूजेतली बोलणी, या गोष्टी सांगणाऱ्याने 'हे बाहेर सांगू नका' म्हटलं की विषय संपला.

फोन पुरतो, महागडा माईक नसला तरी चालेल. एअरप्लेन मोड लावा, पंखा बंद करा, फोन बोलणाऱ्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर ठेवा, ॲपमध्ये 'वेव्ह' फॉरमॅटचा पर्याय असेल तर तो घ्या, आणि सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख, गाव, भाषा आणि कोण बोलतंय ते बोलून ठेवा. तीन वर्षांनी 'रेकॉर्डिंग 47' मध्ये काय होतं ते देवालाही सांगता येणार नाही.

बोट दाखवून विचारू नका

'याला काय म्हणतात?' हा सगळ्यात वाईट प्रश्न. टोपलीकडे बोट केलंत तर समोरचा 'टोपली' म्हणेल, 'बांबू' म्हणेल, 'रिकामी' म्हणेल, नाहीतर 'बोट' म्हणेल, आणि तुम्ही आपलं 'टोपली' समोर लिहून मोकळे. मराठीतून शब्द विचारत गेलात की अजून एक गंमत होते, तुम्हाला मराठीच्याच खाचेत बसणारे शब्द मिळतात. 'निळा'ला काय, 'हिरवा'ला काय असं विचारलं की समोरचा भला माणूस काहीतरी दोन शब्द देतोच, त्याच्या भाषेत तो फरक असो वा नसो.

त्यापेक्षा कामात सामील व्हा आणि काम चालू असताना बोलतं करा. समजा मोहाचं झाड. आपल्याला ते एक झाड वाटतं. पण वेचायला बसलेल्या बाईच्या बाजूला बसून 'आज्जी, हे कधी पडतं, कसं वाळवता, आत्ता हाताला कसं लागतंय' असं विचारत गेलात की घोळका बाहेर येतो. नुकतं पडलेलं रसरशीत फूल, अर्धं सुकलेलं, खडखडीत वाळलेलं, झाडाखालचा पाला जाळून केलेली स्वच्छ जागा, कुणाचं झाड कुणी वेचायचं त्याचा शब्द, नंतरची फळं, त्यातल्या तेलाच्या बिया. बियांना तर आपल्याच मराठीत गावागणिक टोळ, टोळंबी, टोरी असं वेगवेगळं ऐकू येतं. या सगळ्यातून एक गोष्ट दिसते की या लोकांच्या वर्षातले काही महिने या झाडाभोवती बांधलेले आहेत, फूल वेगळ्या हंगामाचं आणि बी वेगळ्या हंगामाची, आणि झाडाच्या हक्काला शब्द असेल तर तिथे हक्काचा नियमही आहे. हे पक्कं. 'ते निसर्गाशी एकरूप आहेत' हे मात्र तुमचं, त्यांनी सांगितलेलं नाही.

प्रत्येक शब्दासोबत एक पूर्ण वाक्य घ्या, जमलं तर दोन. आणि तोच शब्द दुसऱ्या दिवशी दुसऱ्या माणसाला, शक्यतो वेगळ्या वयाच्या, विचारा. कांगारूची गोष्ट आठवते ना, कॅप्टन कुकने विचारलं हा प्राणी कोणता आणि तिथला माणूस म्हणाला 'माहीत नाही' म्हणजे 'कांगारू'? ती गोष्ट खोटी आहे. 1770 मध्ये कुकच्या लोकांनी ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावर गुगु यिमिथिर भाषेतला शब्द टिपला होता आणि तो एका विशिष्ट मोठ्या कांगारूचा खराखुरा शब्द आहे, दोनशे वर्षांनी एका भाषाशास्त्रज्ञाने तिथे राहून खात्री केली. म्हणजे जुन्या टिपणावर पटकन हसायचंही नाही, पुन्हा जाऊन विचारायचं.

नात्यांचा तक्ता काढा

कमी कष्टात सगळ्यात जास्त हाताला लागतं ते नात्यांच्या शब्दांमध्ये. कागदावर त्या घरातला वंशवृक्ष काढा, खऱ्या माणसांचा, आणि प्रत्येकासाठी दोन गोष्टी विचारा: तुम्ही त्यांना हाक काय मारता आणि दुसऱ्याला सांगताना कोण म्हणून सांगता. आपल्यावरच करून बघा आधी. नणंद, जाऊ, दीर, भावजी, वन्सं, नवऱ्याच्या घरच्या प्रत्येक माणसाला अगदी मापून शब्द आहे. 'माहेर' फक्त बाईला आहे, पुरुषाला नाहीच, त्याला त्याची गरज पडली नाही कारण तो होता तिथेच राहिला. इथे कुठलाही सुटा शब्द ओढून अर्थ काढलेला नाहीये, दहा-बारा शब्द एकाच दिशेला बोट दाखवतायत की लग्न झाल्यावर कोण कुठे जातं आणि कुणाशी जपून वागायचं असतं. हा झाला घोळका वाचणं.

आता दुसऱ्या भाषेत असा तक्ता भरला की बघायचं: आत्याचा नवरा आणि मामा यांना एकच शब्द आहे का? असेल तर लग्नसंबंध कसे जुळतात ते विचारा. मोठा भाऊ नि धाकटा भाऊ वेगळे आहेत, पण बहिणीत तसा फरक आहे का? अंदमानातल्या जेरू बोलीत पाठचा किंवा पुढचा भावंडांतला कुणी गेला तर मागे राहिलेल्याला 'रौपुच' असा वेगळा शब्द नोंदलेला आहे. आपल्याकडे नवरा गेला की शब्द, बायको गेली की शब्द, आईबाप गेले की पोरका, पण भाऊ गेलेल्याला काही नाही. म्हणून आपल्याला भाऊ गेल्याचं दुःख होत नाही का? होतंच. फरक एवढाच की त्या समाजात ही एक ओळखली जाणारी अवस्था होती. इथून पुढचा प्रश्न हा की अशा माणसाशी कसं वागायचं याचे काही नियम होते का. शब्द मिळाला की काम तिथून सुरू होतं.

'त्यांच्यात शब्दच नाही'

हे वाक्य लिहायच्या आधी हात आवरा. मराठीत घरातल्या घरात 'प्लीज' म्हणायला कुठला शब्द आहे? 'कृपया' आपण बसच्या पाटीवर वाचतो, आईला 'कृपया पाणी दे' म्हटलं तर ती कपाळाला हात लावून ताप बघेल. म्हणजे आपण उद्धट? तर नाही, आपला नम्रपणा 'जरा'मध्ये आहे, 'ना'मध्ये आहे, 'देता का'मध्ये आहे. तोच अर्थ भाषेत दुसरीकडे कुठेतरी बसलेला असतो आणि शब्दांच्या यादीत तो सापडत नाही, वाक्यात सापडतो.

उसने शब्दही असेच गोंधळात टाकतात. निहालीत एक ते चार आकडे असे आहेत: बिडुम, इरार, मोथो, नालो. पाचपासून पुढे आपल्यासारखेच, हिंदी-मराठीतून आलेले. दोन, तीन आणि चारसुद्धा द्रविड भाषांशी जुळतात, कानडी येणाऱ्याने 'एरडु, मूरु, नालकु' मनात म्हणून बघावं. आता यावरून 'निहाल लोकांना चारच्या पुढे मोजता येत नव्हतं' म्हणणारे भेटतात. त्यांना त्यांचा मोबाइल नंबर विचारा. नाइन, एट, टू, टू असा इंग्रजीत सांगतील. म्हणून मराठीत आकडे नाहीत का? आकडे ज्याच्याशी व्यवहार करायचा त्याच्या भाषेत मोजले जातात, म्हणून उसन्या शब्दांची यादी करायची ती 'यांच्यात काय नव्हतं' हे शोधायला नाही तर 'यांचा कुणाशी, कशासाठी संबंध आला' हे शोधायला. निहालीत कोरकूतून आलेले शब्द ढिगाने आहेत कारण शेकडो वर्षांचा शेजार. शब्दांना विषयांप्रमाणे लावा, शेती, बाजार, देव, शरीर, स्वयंपाक, आणि प्रत्येक विषयात कुठल्या भाषेचे शब्द जास्त ते रंगाने दाखवा, चित्र आपोआप उभं राहतं.

रेवदंड्याजवळ कोर्लईला जी पोर्तुगीज-मिश्र भाषा आहे, तिथे तर शब्द पोर्तुगीज घाटाचे आणि वाक्याचा सांगाडा मराठीसारखा, क्रियापद शेवटी. 1740 मध्ये पोर्तुगीज चौलहून गेले, भाषा तिथेच राहिली आणि आजूबाजूच्या मराठीशी जुळवून घेत गेली. बोलणारे तिला 'नो लिंग' म्हणतात, आपली भाषा. (हो, मराठी माणूस पहिल्यांदा ऐकून हसतो, मग गप्प बसतो.) भाषेचं नाव बोलणारे स्वतः काय सांगतात ते आधी विचारत जा. 'कोरकू' म्हणजे त्यांच्या भाषेत 'माणसं', बस.

भाषा काय बोलायला लावते

इथे थोडं सावकाश वाचा, कारण शब्दांपेक्षा यातून जास्त कळतं. प्रत्येक भाषा काही गोष्टी बोलणाऱ्याच्या मर्जीवर सोडते आणि काही सांगितल्याशिवाय वाक्यच पुरं होऊ देत नाही. आपण 'आम्ही जेवलो' आणि 'आपण जेवलो' यात समोरच्याला धरायचं की वगळायचं ते दर वेळी ठरवतो, हिंदीवाल्याला 'हम'मध्ये ते ठरवावं लागत नाही. आपल्याकडे 'तो आला म्हणे' मधला 'म्हणे' मर्जीचा आहे, घातला तर घातला. पण ब्राझीलमध्ये ऍमेझॉनच्या खोऱ्यात तारियाना नावाची शंभरेक लोकांची भाषा आहे, तिथे डोळ्यांनी पाहिलं, ऐकून किंवा वास घेऊन कळलं, खुणेवरून ताडलं, सर्वसाधारण समजुतीने मानलं की कुणी सांगितलं, या पाचांपैकी एक क्रियापदाला लावल्याशिवाय सुटका नाही. अशा भाषेत 'सरपंचाने पैसे खाल्ले' एवढंच बोलून मोकळं होता येत नाही. आपल्या ग्रुपवर पाहिजे होती ही सोय.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण मला अंदमानातलं वाटतं. 1858 मध्ये इंग्रजांनी पोर्ट ब्लेअरला कैद्यांची वसाहत केली तेव्हा ग्रेट अंदमानी लोकांचे दहा गट होते, प्रत्येकाची बोली वेगळी. रोगराई आणि हाणामारीत बहुतेक संपले. आज पन्नासएक लोक उरलेत, त्यांचं ठाणं स्ट्रेट बेटावर आहे, आणि ते आपसात मुख्यतः हिंदी बोलतात. बो बोलीच्या शेवटच्या बोलणाऱ्या बोआ सीनियर जानेवारी 2010 मध्ये गेल्या. भाषाशास्त्रज्ञ अन्विता अब्बींनी त्यांच्यासोबत आणि इतर उरलेल्यांसोबत काम करून या भाषेचा शब्दकोश आणि व्याकरण केलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की अख्खं व्याकरण माणसाच्या शरीराचे भाग पाडून बांधलेलं आहे. तोंड आणि त्याच्याशी जोडलेलं, बाहेरून दिसणारे मोठे अवयव, हातापायाची टोकं, आतले अवयव, असे सात विभाग, आणि प्रत्येकाचा छोटासा उपसर्ग. तो उपसर्ग नामाला लागतो, क्रियापदाला लागतो, विशेषणाला लागतो.

त्या दहांपैकीच अका-बेआ ही एक लुप्त झालेली बोली, तिची एकोणिसाव्या शतकातली नोंद बघा. 'चांगलं' म्हणजे 'बेरिङा'. त्याला हाताचा उपसर्ग लावला, उन्-बेरिङा, की हाताने चांगला म्हणजे कुशल. डोळ्याचा लावला, इग्-बेरिङा, तीक्ष्ण नजरेचा. तोंडाचा लावला, अका-बेरिङा, भाषा चांगल्या येणारा. डोक्याचा-काळजाचा लावला, ओत्-बेरिङा, सज्जन. बोलींच्या नावातला 'अका' सुद्धा तोच तोंडाचा. आता तुम्ही म्हणाल आपल्यातही आहे की, हातगुण आहे, डोळस आहे, तोंडाळ आहे, पोटातलं ओठावर येणं आहे. आहेच. पण आपण ते न वापरता दिवस काढू शकतो, नुसतं 'हुशार आहे' म्हणून पुढे जातो. तिथे माणूस कशात चांगला ते सांगताना शरीराचा भाग शब्दातच येत होता. फरक इथे आहे, आणि यावरून 'शरीर हे त्यांच्या भाषेचं मोजमाप होतं' एवढं बिनधास्त लिहिता येतं.

पण व्याकरणही फसवतं हां. मराठीत खुर्ची ती आणि पाट तो, म्हणून खुर्चीत आपल्याला बाई दिसते असं कुणी म्हणालं तर? संतालीत, म्हणजे कोरकूच्या मोठ्या चुलत बहिणीत, सूर्य-चंद्र-तारे व्याकरणात सजीव धरतात. तो अजून जिवंत विश्वास आहे की नुसता जुना नियम? ओळखायला एक युक्ती आहे, नवीन वस्तू पुढे करायची. मोबाइल, ट्रॅक्टर, ड्रोन, भिंतीवरच्या पोस्टरमधला वाघ, यांना बोलणारे कुठल्या गटात टाकतात आणि का ते विचारा. पटकन आणि सगळे एकमताने टाकत असतील आणि कारणही देत असतील तर नियमात जीव आहे. 'असंच म्हणतात' एवढंच उत्तर आलं तर तेवढंच लिहा.

जे बोलत नाहीत ते

रेकॉर्डिंगमध्ये लोक जिथे थांबतात, हसतात, आवाज खाली आणतात, तिथे खूण करून ठेवा. आपल्याकडे दिवा विझवत नाहीत, मालवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. निघताना 'येतो' म्हणायचं. कोकणात रात्री सापाला नावाने न म्हणता 'जनावर' म्हणतात. हे शब्दकोशात वेगळं दिसत नाही पण भीती कुठे आहे, मान कुठे आहे ते सगळ्यात स्वच्छ इथेच दिसतं. गुगु यिमिथिरमध्ये तर मेव्हण्याशी बोलायची शब्दसंपदाच निराळी होती, रोजचे शब्द त्याच्यासमोर चालत नसत, आणि सासूशी पुरुषाने बोलायचंच नाही. म्हणून 'हा शब्द कुणासमोर बोलत नाही?' हा प्रश्न यादीत ठेवाच. लाजून सांगणार नाहीत, पण बायका बायकांमध्ये आणि पुरुष पुरुषांमध्ये असताना निघतं, त्यामुळे शक्य असेल तर विचारणारे दोघं जा.

भाषेच्या बाहेर तपासा

शब्दावरून विचार ओळखायचा आणि पुरावा म्हणून परत तोच शब्द दाखवायचा, हे गोल गोल फिरणं झालं. वागण्यात दिसतंय का ते बघा. गुगु यिमिथिर बोलणारे डावं-उजवं न म्हणता सगळं पूर्व-पश्चिम-उत्तर-दक्षिणेत सांगतात, तुझ्या दक्षिणेकडच्या पायावर मुंगी आहे अशी तऱ्हा. आपल्याकडे शेताच्या बांधाला उगवतीकडचा-मावळतीकडचा म्हणतात, पण ताटात चटणी-कोशिंबीर डावीकडे आणि भाजी उजवीकडे, ताट कसंही फिरवा. तर संशोधकांनी काय केलं, टेबलावर वस्तू ओळीत मांडून दाखवल्या, मग माणसाला उलट तोंड करून दुसऱ्या टेबलाशी उभं केलं आणि तशाच मांडायला सांगितल्या. डच लोकांनी आपलं डावं-उजवं सांभाळलं, गुगु यिमिथिरवाल्यांनी बहुतेक करून दिशा सांभाळल्या. तोंडातून एक शब्दही न काढता. हा प्रयोग चार वाट्या घेऊन कुठल्याही अंगणात करता येतो.

अँडीज पर्वतातल्या आयमारा भाषेत 'नायरा' म्हणजे डोळा, पुढचं, आणि गेलेला काळही, आणि 'खिपा' म्हणजे पाठीमागचं आणि येणारा काळ. जे दिसलं ते समोर, जे अजून दिसलं नाही ते पाठीमागे. नुसते शब्द असते तर 'परवा'सारखीच शंका राहिली असती, पण उत्तर चिलीत व्हिडिओ घेऊन बघितलं तेव्हा म्हातारी माणसं जुन्या गोष्टी सांगताना हात पुढे नेत होती आणि उद्याबद्दल बोलताना खांद्यावरून मागे. स्पॅनिश पक्की येणाऱ्या तरुणांचे हात आपल्यासारखे उलटे. म्हणून ऑडिओसोबत थोडा व्हिडिओ घ्या, चेहऱ्याच्या क्लोजअपचा हट्ट नको, कमरेपासून वर हात दिसतील असा.

लिहिताना आणि नंतर

'कोलाम लोक असं मानतात' असं लिहू नका. अमुक तालुक्यातल्या एका गावात सत्तरीच्या एका बाईंनी असं सांगितलं, तिच्या सुनेने तसं सांगितलं, असं लिहा. दोघींचं जुळलं नाही तर दोन्ही ठेवा, बऱ्याचदा जुळत नाही तिथेच भाषा बदलताना सापडते. देवनागरीत न बसणारे आवाज येतील, गळ्यात अडकून थांबणारे, नाहीतर सूर खाली जाणारे, ते जबरदस्तीने अ-आत कोंबायचे नाहीत, स्वतःची एक खूण ठरवा, वहीच्या पहिल्या पानावर तिचा अर्थ लिहा आणि आवाजाची फाइल जपा. अर्थ लिहिताना एका मराठी शब्दावर भागवू नका, कोण, कधी, कुणाला म्हणतं ते दोन ओळीत.

पहिली कॉपी त्या घरी गेली पाहिजे. पेनड्राइव्हचा उपयोग नसतो, मेमरी कार्डवर टाकून त्यांच्याच फोनमध्ये वाजवून दाखवा, नातवंडं लगेच भोवती जमतात आणि अर्ध्या चुका तिथेच आजी दुरुस्त करते, तेव्हाही रेकॉर्डर चालू ठेवा. मग शाळेत एक कॉपी, आणि काम मोठं झालं तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या भाषाशास्त्र विभागाशी किंवा म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेशी बोला, तिथे लहान भाषांचं काम चालतं. ज्या भागाला सांगणाऱ्याने 'हे फक्त तुमच्यापुरतं' म्हटलंय तो फोल्डर आधी वेगळा काढा, त्याला तसं नाव द्या, आणि मगच बाकीचं कुणाला पाठवा.